खळ लावलेला हंस

आल्फ पर्किसला होकार दिला तर नेलच्या पदरात काय पडणार होतं? आठवड्यातले पाच दिवस समुद्रावर असणारा नवरा, म्हणजे घरात लुडबुड कमी. शिवाय वाढपी, म्हणजे जेवणानंतर भांडी उचलणार. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती... पाणसुरुंग.

नेल साउदॅम्प्टनच्या धुलाईखान्यात जहाजांवरचे कपडे धुवायची. लढाईआधी 'कॅलिडोरा' बोट शौकीन उतारू न्यायची आणि आल्फ त्यांना सूप वाढायचा. आता बोटीचं इस्पितळ झालं होतं, त्याच जेवणघरात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या होत्या. पण आल्फची सवय सुटली नव्हती. प्रत्येक ताटाशेजारी तो अजूनही नॅपकिनचा हंस करून ठेवायचा.

असाच एक लुळा हंस मळक्या कपड्यांत सापडला. गाठोडी उतरवणाऱ्या आल्फसमोर नेलने तो धरला.

"हे बदक कुणाचं?"

"हंस आहे तो. तुम्ही खळ लावत नाही, म्हणून मान पडली बिचाऱ्याची."

इस्पितळाच्या कपड्यांना खळ लावायची बंदी होती, कडक कापड जखमींच्या कातडीला घासतं म्हणून. तरी पुढच्या खेपेला नॅपकिन कडक होऊन गेले... आणि मळलेले हंस ताठ मानेने परत येऊ लागले.

मग पाणबुड्यांच्या धास्तीने बोटीचा पांढरा रंग करडा झाला, दिव्यांची माळ विझली. धक्क्यावरून नेलला ती ओळखूच येईना.

एका सोमवारी कळलं, 'कॅलिडोरा'ला सुरुंग लागला. बोट कशीबशी बंदरात आली. माणसं किती आली, ते कुणी सांगेना. तिची गाठोडी मात्र आली. नेल त्या ओल्या ढिगात कोपरापर्यंत शिरली. चादरी, बँडेजं, चुरगळलेले नॅपकिन... हंस एकही नाही.

मागे धुलाईखान्याची मुकादमीण उभी होती, हातात खळ लावलेला एक नॅपकिन. सैनिकांच्या हनुवट्या कशाने सोलवटतात ते आज समजलं, म्हणाली. नेलला ऐकूच आलं नाही. कारण दारात आल्फ उभा होता, उजव्या हाताला भलंमोठं बँडेज.

"हंस का नाही केलास?" आजवरचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "इथे शोधून शोधून जीव गेला माझा—"

"एका हाताने होत नाही गं. दुसरा लागतो..." तो थांबला. "यापुढे कायमच लागेल. देशील?"

नेलने एक नॅपकिन उचलला, एक टोक त्याच्या डाव्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. झालं ते बदकच.

लग्न झालं. आल्फची दोन बोटं गेली, नेलची नोकरी गेली. पण या प्रेमाची किंमत सगळ्यांआधी चुकवली ती सैनिकांच्या हनुवट्यांनी... आणि त्यांना कुणी लग्नालाही बोलावलं नाही.