चेंबर खाली नाही केला

रीना दारातून आत आली तीच रडवेली. कडेवरचं पोर मान टाकून झोपलं होतं. मंजिरीची नजर आधी त्याच्या उघड्या पावलांकडे गेली. डिसेंबरातली सकाळ, आणि पोराच्या पायांत मोजे नाहीत. तिने काही न विचारता स्वतःची शाल पुढे केली.

"मले गुप्तहेर बाईले भेटाचं आहे," रीना म्हणाली.

"भेटलात. बसा," वनमाला ढोके म्हणाल्या.

वनमालाबाईंची उमर अपघात झालेल्या गाड्या तपासण्यात गेली होती, विमा कंपनीच्या नोकरीत. रायपूर राजधानी झालं, गाड्या वाढल्या, भानगडीही वाढल्या. मग बाईंनी नोकरी सोडून समता कॉलनीत हे ऑफिस थाटलं. मंजिरी त्यांच्या हाताखाली होती. बी.ए. झालेली, नजरेची तेज. पण घरी सासूबाईंजवळ ठेवलेल्या लेकीच्या, राधिकेच्या काळजीने तिचं अर्धं मन सदा दाराबाहेर.

रीनाने सांगितलं ते असं. तिचा नवरा लोकेश भनपुरीत गॅरेज चालवतो. बाबारावांच्या रुग्णवाहिकेचा कॅमशाफ्ट, इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा, त्याने बदलला, इंजिनातली जळक्या तेलाची मळी साफ केली. काही दिवसांनी तीच गाडी अंजनाबाई नावाच्या म्हातारीला दवाखान्यात नेत असताना भर रस्त्यात जाम झाली. दुसरी गाडी येईस्तोवर बाई गेल्या. इंजिन उघडलं तर तेल ओढून घेणाऱ्या तळाच्या जाळीवर कापड. मिस्त्रीनं कापड आत विसरलं, माणूस मारला, असं साऱ्या पाऱ्यात, मोहल्लाभर झालं.

"आज संध्याकाळी त्याईले कोर्टात उभं करून राहिले," रीना म्हणाली. "मंग कोणता गिऱ्हाईक येईल दारात? आन् या पोराले लोक काय म्हणतीन? खुन्याचा पोट्टा?"

वनमालाबाई उठल्या. "मंजिरी, चल."

ठाण्यात ठाणेदारांनी चहा मागवला आणि हात झटकले. "मैडम, उसने खुद कबूल किया है। चेंबर खाली नहीं किया। मतलब पुराना गंदा तेल अंदर ही छोड़ दिया। ऊपर से कपड़ा भी भूल गया।"

"पर चेंबर तो साफ निकला न?" वनमालाबाईंनी टेबलावरच्या पंचनाम्यावर बोट ठेवलं.

"झूठ-सच मिला के बोलता है।"

चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी कसलेलं, तेल साठवणारं पत्र्याचं भांडं, एवढं मंजिरीला बाईंबरोबर फिरून कळलं होतं.

लोकेश कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. नखांतलं काळं गेलं नव्हतं.

"वरचं कव्हर उघडलं त मळीच मळी, जी. चिखलावानी. तेल फिरतच नव्हतं, म्हणून त कॅमशाफ्ट खाल्ला गेला. वरतून तेल खाली उतराचे भोकं असतात, त्याईत मी आधी कापडं कोंबले. मळी खाली पडू नये म्हणून. मंग लाकडाच्या पट्टीनं खरवडली."

"कापडं काढली?"

"माह्ये सारे कापडं एका दोऱ्याले बांधेल असतात. एक ओढलं का माळेवानी सारे येतात. राहाचं कामच नाही."

"भोक केवढं असतं?"

त्याने करंगळी दाखवली.

"आणि तेल?"

"जुनं काढलं, डिझेलनं धुतलं, नवं भरलं. गाडी नेतानी बाबारावले सांगतलंबी, उरलीसुरली मळी सुटते, तेल लवकर काळं होईल, पुन्हा बदलाले आणा."

"चेंबरचं काय?"

लोकेशने मान खाली घातली. "चेंबर खाली नाही केला. ते खरं आहे, जी. बाबारावच म्हणे, टाइम नाही, राहू दे."

बाहेर आल्यावर मंजिरीला राहवेना. "बाई, जुनं तेल काढलं म्हणतो आणि चेंबर खाली केला नाही म्हणतो. दोन्ही खरं कसं असेल? मला नाही पटत तो माणूस."

"मला पटला," वनमालाबाई म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

गुढियारीत बाबारावांचं आवार होतं. बाबाराव स्वतः सामोरे आले, पांढऱ्या सफारीत, हात जोडून. "या, ताई. अंजनाबाई आमच्या ओळखीच्या होत्या. माझ्या घशाखाली घास उतरून नाही राहिला."

गाडी शेडमध्ये होती. सुटा केलेला चेंबर पोत्यावर ठेवलेला, आतून लखलखीत. शेजारी पोलिसांनी सील केलेली काचेची बरणी. तिच्यात चेंबरमधून निघालेलं तेल. उन्हात ते मधासारखं दिसत होतं. ताटलीत कापड, हातरुमालाएवढं. शेजारी शिपाई स्टुलावर बसून शेंगा सोलत होता.

"पाहा, कसा आरशासारखा पुसला चेंबर पठ्ठ्यानं," बाबाराव म्हणाले. "पुसता पुसता कापड राहून गेलं. माणूस आहे, चुकला. पण जीव गेला ना!"

"बंद पडल्यावर गाडी कुठे नेली?"

"इथंच ओढून आणली. पोलीस दुसऱ्या दिवशी आले. त्याईच्या समोरच उघडली."

ड्रायव्हर सचिन पोरगेलासा होता. मराठी समजत होतं, उत्तर हिंदीत येत होतं.

"अचानक जाम हो गई, दीदी। भनपुरी के पहले।"

"तेल कमी झाल्याचा लाल दिवा लागला होता?"

त्याने बाबारावांकडे पाहिलं. "नहीं जला।"

"गुढियारीतूनच गेलास ना? मालधक्क्यापाशी रस्ता खणून ठेवलाय."

"हव... मतलब, आराम से निकाला।"

"खालून दगड लागला?"

"नाही लागला," बाबारावच बोलले.

मंजिरी रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून आत डोकावत होती. स्ट्रेचरवरची चादर अजून चुरगळलेलीच होती. ती मागे सरली तेव्हा ओढणीचं टोक पायरीवर घासलं आणि काळं झालं. पायरीवर, दाराच्या खालच्या पत्र्यावर बारीक काळे शिंतोडे बसले होते.

"अगं बाई! राधिका हेच टोक तोंडात घालते."

वनमालाबाईंनी टोक बोटांत चोळलं, हुंगलं. "ओढणी धुऊ नकोस," त्या म्हणाल्या. मग वाकून गाडीखाली बराच वेळ पाहत राहिल्या. उठल्या तेव्हा गुडघ्याला माती होती. "मंजिरी, ठाणेदारांना फोन लाव. लोकेशला घेऊन इथे या म्हणावं. संध्याकाळच्या आत."

दुपारी सगळे शेडमध्ये जमले. रीनाही आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली, रडू येईल म्हणून.

"ठाणेदार साहब, लोकेश मराठी आदमी है," वनमालाबाई म्हणाल्या. "मराठी में खाली मतलब नीचे। चेंबर खाली नहीं किया, यानी नीचे नहीं उतारा। आपने सुना, खाली नहीं किया, यानी तेल नहीं निकाला।"

ठाणेदारांचा चहाचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. मंजिरीही चपापली. घरी मराठी, पण शाळा-कॉलेज सारं हिंदीत; आधी ठाणेदारांच्या तोंडून ऐकलं, म्हणून तिच्या कानांनीही तोच अर्थ धरला होता.

"तेल काढायला बुडाचा एक बोल्ट सोडला की पुरतं. ते त्याने केलं. पण चेंबर उतरवला नाही. उतरवू दिला नाही. म्हणजे आतली जुनी मळी आतच असायला हवी. मग हा आरशासारखा कसा?"

"तो खोटं बोलून राहिला," बाबाराव म्हणाले. "त्यानंच उतरवला."

"बरं, त्यानेच उतरवला असं धरू. मग ही बरणी पाहा. मंजिरी, जळलेल्या पातेल्यात पाणी घालून ठेवलं तर काय होतं?"

"पाणी काळं होतं," मंजिरी म्हणाली. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "हे तेल तर सोनेरी आहे! मळी काढलेल्या इंजिनात काही दिवस फिरलं असतं, तर..."

"तर काळं झालं असतं. लोकेशने तसं सांगितलंही होतं. म्हणजे हे तेल त्या इंजिनात फिरलेलंच नाही. गाडी बंद पडल्यावर भरलेलं आहे. मग फिरलेलं काळं तेल गेलं कुठे?"

त्यांनी मंजिरीच्या ओढणीचं टोक उचलून धरलं.

"चालत्या गाडीच्या बुडातून गळलं. वाऱ्याने मागे उडालं, पायरीवर बसलं. इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर दगडाचा ताजा ओरखडा आहे, लोखंड अजून चमकतंय. मालधक्क्यापाशी चेंबर फुटला, बाबाराव. फुटका काढून तुम्ही नवा बसवला, नवं तेल ओतलं. लोकेश कापडं वापरतो हे तुम्ही पाहिलं होतं. म्हणून एक कापड जाळीवर ठेवलंत. पण दोऱ्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि एवढं कापड करंगळीएवढ्या भोकातून वरून खाली जात नाही. ते चेंबर उतरवूनच ठेवावं लागतं."

बाबारावांनी रुमाल काढला, तसाच हातात धरला.

"दगड लागणं हा गुन्हा नव्हता," वनमालाबाई हळू म्हणाल्या. "मग एवढं लपवायचं काहून? सचिन, दिवा लागला होता ना?"

सचिनचा चेहरा पडला. "जली थी, दीदी। मैंने गाड़ी रोक के फोन किया। बाबाराव भैया बोले, चलने दे, पहुँचा के देखेंगे।" या वेळी त्याने बाबारावांकडे पाहिलं नाही. "रुकने के बाद मांजी पूछ रही थीं, बेटा, अस्पताल आ गया क्या? मैंने बोल दिया, हाँ। पुराना चेंबर पीछे टंकी में पड़ा है।"

तिथेच थांबून दुसरी गाडी बोलावली असती, तर अंजनाबाई कदाचित वाचल्या असत्या.

"मले वाटलं, पोहोचंल," बाबाराव म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

ठाणेदारांनी शिपायाला टाकीकडे पाठवलं. फुटका चेंबर निघाला, बुडाशी चीर, आत बोटभर काळी मळी. मग ठाणेदार स्वतः लोकेशजवळ गेले. "जा भाई। कोर्ट को मैं बता दूँगा।"

रीना नवऱ्याच्या दंडाला धरून चालू लागली. फाटकाशी लोकेश थांबला.

"अंजनाबाईचं घर कोणत्या पाऱ्यात आहे?"

"काहून?" रीना दचकली. "त्याईच्या लेकानं तुमाले मारतो म्हटलं होतं. आधी घरी चाला. दोन घास खा."

"मारो नं. त्याले अजून काय माहीत?" लोकेश म्हणाला. "माय कशानं गेली, हे त्याले ठाण्यातून कळाले नाही पायजे. मी सांगतो."

रीनाने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग मीबी येतो," ती म्हणाली.