मे महिन्यातलं हिरवं नेचं

"दोन दिवस झाले, ताराताई. शेवटचं म्हणून एवढंच आलं."

भावनाने फोन पुढे केला. फोटोत एक हिरवंगार नेचं, म्हणजे फर्न, होतं. मागे जराशी वळत गेलेली विटांची रांग, सांध्यांत पांढरा चुना.

तिचा नवरा संघपाल वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. हे दुर्मीळ नेचं तो दोन वर्षं शोधत होता. परवा सकाळी अकराला हा फोटो आला आणि फोन बंद झाला. त्याचा सहकारी ऋषी सांगत होता, की त्याने संघपालला रामटेकच्या डोंगराखाली सोडलं. पोलीस तिथेच शोधत होते.

खासगी तपासनीस तारा खोब्रागडे फोटो बराच वेळ पाहत राहिली. "डोंगराशिवाय दुसरी कुठली जागा बोलण्यात होती?"

"वाडीचा बंद पडलेला कापसाचा जिनिंग कारखाना. का, ते नाही सांगितलं."

वाटेत त्यांनी ऋषीला गाठलं. त्याच्या दोन्ही तळव्यांवर पट्ट्या होत्या.

"गरम कढई धरली. वहिनी, हे नेचं डोंगरावरचंच. मागच्या आठवड्यात आम्ही दोघांनी तिथे पाहिलं."

"मग चला आमच्यासोबत," तारा म्हणाली.

गाडी वाडीकडे वळली तसं ऋषीने विचारलं, "इकडे कशाला?" ताराचे मदतनीस चंपतराव, निवृत्त हवालदार, चक्रावले. "म्याडम, जंगलातलं झाड जिनिंगमंदी काहून शोधून राहिलो आपण?"

फाटकावर चौकीदार कवडू होता. "इकडे कोणी नाही आलं जी. मांगची भिंत पडली हाये, चोर तेवढे येतेत. परवा विहिरीचा दोर गेला. तवापासून मी तिकडे गेलोच नाही जी."

तारा मागच्या विहिरीकडे धावली. भावना काठावर पालथी पडून आत वाकली. "अहो!"

बऱ्याच वेळाने खालून कण्हणं आलं. "भावना..."

चंपतरावांनी अग्निशमन दलाला फोन लावला. तारा ऋषीकडे वळली.

"मे महिन्यात डोंगरावरचं नेचं वाळून जातं. मागच्या आठवड्यात तिथे तुम्ही हिरवं पाहिलंच नाही. फोटोतल्याला बारमाही ओल आहे. वळत गेलेल्या विटा म्हणजे विहीर, आणि ते रुजलंय जुन्या चुन्यात. कढईने बोटं भाजतात. तळवे सोलतो तो निसटणारा दोर. तो चोरीला नाही गेला, खाली पडलाय."

ऋषी भावनाकडे वळला. "ते वर येत होते. मुद्दाम नाही सोडला, वहिनी. वाटलं, ते गेलेच... मग हा शोध माझ्या नावावर..."

"दोन दिवसांत एकदाही वाकून बघावंसं वाटलं नाही?" ताराने विचारलं.

"काल आलो होतो. खालून हाका येत होत्या. तसाच परत गेलो."

पाऊण तासाने संघपालला वर काढलं. पाय मोडला होता, ओठ फुटले होते. त्याने भावनाचा पदर धरला.

"ऋषी मदत आणायला गेला तो आलाच नाही गं. त्यालाच हाका मारत होतो. रस्त्यात त्याला काही झालं तर नाही ना?"

भावनाने मागे पाहिलं. चंपतरावांनी ऋषीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो धडधाकट आहे."