फाट्यावरची सावड

तळतळाट लागेल तुला, माझ्या पोराच्या मरणाचं प्रदर्शन मांडणाऱ्या बाईला!... असं साळूबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अंगणाच्या मधोमध घातलेल्या पत्र्याच्या कुडापलीकडं सून अश्विनी मान खाली घालून भांडी घासत होती, आणि मान खाली घातलेल्या माणसाला दिलेल्या शिव्या फुकट जातात, एवढं साळूबाईंना रागातही कळत होतं. चुलीशेजारी भाकऱ्यांची चवड गार पडली होती. आज त्यांच्या खाचरात भातलावणीला सावड यायची होती, आणि अख्ख्या वाडीतून एक माणूस आलं नव्हतं.

आज तू माझ्या खाचरात ये, उद्या मी तुझ्या खाचरात येते, ही सावड. त्यात मजुरी नाही, उपकार नाही. पण आलेली सावड फेडली नाही तर वाडीत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

आणि ही आग लावली कुणी? साळूबाईंनीच! थोरला लेक हनुमंत सीमेवर मारला गेला, तेव्हापासून देवाजवळ त्यांचं एकच मागणं होतं... त्या पलीकडल्यांच्या आयांनीही अशीच छाती पिटावी, अशाच रात्री काढाव्यात! आणि त्याच हनुमंताची ही बायको, दर रविवारी कापूरहोळच्या फाट्यावर ‘युद्ध नको’ असा फलक घेऊन उभी राहायची, चार गावच्या बायका गोळा करायची! एकदा पारावर सगळ्यांदेखत साळूबाई बोलून गेल्या, की सुनेच्या खाचरात जो पाय ठेवील तो माझ्या हणमंताचा वैरी. चुलतदीर ज्ञानूला तेवढंच हवं होतं. जमिनीचा सातबारा उतारा एक तर घर एक, ही बाई फाट्यावरून हटत नाही तोवर या घराची सावडच बंद, असं त्यानं वाडीला पटवलं. धाकटा गोरख दारोदार फिरला, तर माणसं नजर चुकवून गोठ्यात शिरायची. इकडं लावायच्या रोपांचा तरवा पिवळा पडू लागला, वर्षाचं भात डोळ्यांदेखत जायला निघालं, तरी साळूबाईंनी बोटं मोडली ती सुनेच्याच नावानं.

आणि दोन दिवसांनी सकाळी बघतात तर काय, सगळी वाडी त्यांच्या चिखलात उतरलेली! ज्ञानू बांधावर उभा राहून हसत होता.

“वहिनी, मोडली बगा ती चळवळ,” तो म्हणाला. “म्होरकीच घरी बसली म्हनल्यावर ऱ्हायलं काय?”

साळूबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हणमंता, जिरवली बघ तिची!... सुनेला समोरासमोर टोचण्यापेक्षाही त्यांना ती रिकामी जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. रविवारी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या एसटीनं कापूरहोळला गेल्या.

फाट्यावर पंक्चरच्या दुकानासमोर बायका उभ्या होत्या. नेहमीसारख्याच, ओळीनं, मुकाट. मधे एकीपुरती जागा तेवढी मोकळी होती. फलक होता भोंगवलीच्या ठकुबाईच्या हातात, जिचा मुलगा आज या घडीलाही सीमेवर होता. साळूबाईंना राहवलं नाही. म्होरकी पळाली तरी तुमी हितंच कशाला, असं त्यांनी खोचून विचारलं.

“पळाली न्हाई ती.” ठकुबाईनं फलक जमिनीला टेकवला. “माझ्या सासूची लावणी करा, म्या फाट्यावर पाय ठेवनार न्हाई, असा शब्द दिलाय तिनं ज्ञानूला. तुमाला कळू द्यायचं न्हवतं.”



“माझं आपरेशन झालं तवा माझ्या जागी तीच उभी ऱ्हायली,” ठकुबाई पुढं म्हणाली. “आमी हितं सावडीनंच उभ्या ऱ्हातो. आता तिची पाळी आमी काढू. एक बाई बांधावर बसली म्हनून लावणी थांबती व्हय?”

हरलो आपण!... पहिल्यांदा साळूबाईंना संतापच आला, तो सुनेचाच. किती हलकं करून टाकलं या पोरीनं आपल्याला! आपल्या पाठीमागं, एका शब्दानं! मग डोळ्यांसमोर ते हिरवंगार खाचर आलं, बांधावर हसणारा ज्ञानू आला, आणि मान खाली घालून भांडी घासणारी अश्विनी आली. त्यांनी पदर कमरेला खोचला.

“मला तुमचं काय बी पटत न्हाई,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी माझा हणमंता मारला त्यांचं वाटुळंच व्हावं, आजबी. पन म्या कुनाची सावड बुडवनार न्हाई. आना तो फलक हिकडं.”

आणि त्या मोकळ्या जागेत त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांत आसवं होती आणि कपाळाला आठ्या होत्या. येणारेजाणारे बघत होते, कुणी काही बोलतही होतं. तेवढ्यात ज्ञानूचा दुधाचा टेम्पो वळणावर आला, हळू झाला आणि थांबला. त्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि तसंच आत घेतलं. साळूबाईंनी फलक आणखी वर धरला. हनुमंत गेल्यापासून इतका गोड सूड त्यांना कधी लाभला नव्हता.

संध्याकाळी त्या कुडाला वळसा घालून सुनेच्या दारात गेल्या आणि फाट्यावर काय केलं ते उभ्याउभ्याच सांगून टाकलं. अश्विनीच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

“लोक म्हनत्यात ते खरं वाटाय लागलं हुतं, आत्याबाई,” ती रडत म्हणाली. “वाटलं, समदं माझ्याच हातनं मोडलं... पन म्या शब्द दिलाय. मला आता तिकडं जाता यायचं न्हाई.”

“मग नको जाऊस. शब्द तू दिलास. म्या कुनाला दिला न्हाई.”

अश्विनी त्यांच्या पायाशी वाकली, तशी साळूबाईंनी तिला मधेच धरून उठवलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं... हनुमंताच्या तेराव्यानंतर आज पहिल्यांदाच! दोघी रडल्या. मग साळूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, गोरखला हाक मारून इकडंच जेवायला बोलावलं आणि स्वतः चुलीपुढं बसून तव्यावरची करपायला लागलेली भाकरी उलटली.

“त्या ठकुबाईला निरोप धाड,” त्या सुनेला म्हणाल्या, “फलक जरा हलका करा म्हनावं. दर रविवारी धरायचा तर हात भरून येत्यात.”