बियाण्याच्या खोलीचं दार

ये मंजुषा, टेक इथी. नवीन आली ना, मग ही गोष्ट तुले ऐकावीच लागते. भिऊ नको, हसूच येईल... बहुतेक.

मी ही शेतीशिक्षणाची संस्था पाहाले पहिल्यांदा आली तवा संगं नीलाआत्या होती. माय गेल्यापासून घरात तिचाच हुकूम. एटापल्लीच्या बसमध्ये बसल्यापासून तिचं एकच टुमणं, "जिथी आपलं कोणी नाई, तिथी पोरीले ठेवणार नाई." मले तर जीव तोडून इथीच शिकायचं होतं. आता आपलं माणूस कुठून पैदा करू?

लोकेशदादा संस्था दाखवून राह्यले होते. इथीच संशोधन करतात, बोलाले लय गोड. आत्यानं सूक्ष्मदर्शकाले डोळा लावला अन् ओरडलीच, "अगं बाई, एवढे किडे! अन् हे पाणी लोकं पेतात?" सारे खो खो हसले. आत्याचा मूड जमून राह्यला होता.

मग आम्ही मागच्या कॉरिडॉरमध्ये वळलो. भर दुपार, पण तिथी एकही खिडकी नाई. एकच ट्यूबलाईट, तीही फडफडत होती. थंडीच्या मशीनची घरघर, अन् शेवटाले एक जाड लोखंडी दार. कुलूप लावलेलं.

"इथी जुन्या धानाचं बियाणं ठेवलं आहे," लोकेशदादा म्हणाले. "तुमच्या गावचंही आहे. एका बाईनं दिलं होतं."

ती बाई म्हणजे माझी माय. आत्या पदर सावरत दारापाशी गेली.

आमच्या घरची एक रीत आहे. धानाच्या ढोलीत, म्हणजे साठवणीच्या कणगीत, हात घालायच्या आधी बोटानं टकटक करायची अन् विचारायचं, "येऊ का?" आत बियाणं झोपलेलं असते, अन् झोपलेल्याच्या घरात न विचारता शिरू नये म्हणे. माय दोनदा जोरात वाजवायची अन् एकदा हळूच. आजवर कोण्या ढोलीनं उत्तर देलं नव्हतं, हे सांगून ठेवते.

आत्यानं सवयीनं दारावर एक टिचकी मारली. "येऊ का?"

मशीनची घरघर थांबली. नव्या तांदळाच्या भाताचा वास आला... गरम, चुलीवरचा. अन् आतून...

टक. टक... टक.

"आत कोण आहे?" मी इचारलं.

"कोणी नाई..." लोकेशदादानं खिसा चाचपला. "किल्ली तर माझ्यापाशी आहे..."

मी दोन पावलं मागं सरकली. अन् आत्या? पदर तोंडाले लावून हसून राह्यली होती, डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"आपलं माणूस आहे इथी," ती म्हणाली. "टाक दीपे, नाव!"

अशी झाली माझी अ‍ॅडमिशन! तवापासून रोज सकाळी वर्गात जायच्या आधी मी ते दार वाजवते, अन् आतून उत्तर येते. लय बरं वाटते. लोकेशदादा मात्र तिकडं पाऊलही टाकत नाई, आम्ही त्यांची भारी मजा घेतो.

काल मात्र उलटं झालं. मी वाजवायच्या आधीच आतून वाजलं. टक. टक... टक. मग अगदी कडीपाशी, हळूच...

"दीपे... येऊ का?"

मी अजून उत्तर नाई देलं. भेव वाटते, खोटं काऊन सांगू? पण तूच सांग मंजुषा... मायले नाई कसं म्हणायचं?