मृगापर्यंतचा ताण

"ओ बाई, जरा बाजूले होता का? गाडी काढाची आहे."

विजयमाला सौसरच्या बसस्टँडवर नुकतीच उतरली होती आणि निऱ्या सारख्या करत उभी होती. या माणसाची भेट तिनं मनातल्या मनात किती वेळा घडवून आणली होती, कधी देवळात, कधी कोणाच्या लग्नात, एकदा तर चक्क दवाखान्यात. दर वेळी तो काहीतरी गोड बोलायचा. आणि आज खरोखर भेटला, तर म्हणाला काय, बाजूला व्हा! नशिबाला थट्टेची भारी हौस असते.

आवाज तिनं लगेच ओळखला. वळून पाहिलं तर मोटरसायकलवर गुणवंता. केस पांढरे झालेले, मिशी मात्र अजून काळी ठेवलेली, गळ्यात तोच पांढरा दुपट्टा. तिला पाहून त्याचा पाय किकवरच राहिला.

"विजू...?" आणि मग जीभ चावून, "विजयमालाबाई."

"बाईच म्हणा," ती म्हणाली. "आत्ता म्हणालेच तुम्ही."

तो हसला. तेच हसणं, आधी डोळ्यांत येणारं आणि मग ओठांवर. बावन्नाव्या वर्षी काळजात असं धस्स व्हावं हे काही बरं नव्हे, असं विजयमालेनं स्वतःला बजावलं. काळजानं ऐकलं नाही.

दोघंही एकाच ठिकाणी निघाले होते. त्यांच्या वेळच्या बी.ए.च्या पोरापोरींचा मेळावा सौसरात भरला होता. कॉलेज पांढुर्ण्याचं, पण वर्गातल्या रश्मीच्या दिराचा हॉल इथं होता आणि फुकटात मिळत होता, म्हणून सौसर. गुणवंताकडे साधा फोन. कॉलेजच्या ग्रुपवर त्याचं नाव नाही, तो येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विजयमाला मात्र तेवढ्यासाठीच आली होती. रात्री पुण्याहून लेकीचा, धनश्रीचा फोन यायचा होता. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. आई एकटी पांढुर्ण्यात का राहते, नोकरी सोडून कायमची माझ्याकडे का येत नाही, हे धनश्री वर्षभर विचारत होती. आज हो की नाही सांगायचं ठरलं होतं. आणि त्याआधी विजयमालेला एकदा, फक्त एकदा, या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, त्याच्या मनात काही होतं की सगळं आपणच रंगवलं.

रंगवायला जागाही तशीच होती म्हणा. त्या काळी छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला जाणारी बस आधी रामाकोन्याला थांबायची. गुणवंता तिथं चढायचा आणि शेजारच्या सीटवर दुपट्टा टाकून ठेवायचा. सौसरला विजू चढली की दुपट्टा उचलायचा. मधल्या गावांत म्हाताऱ्या बायका त्याला शिव्या घालत उभ्या राहायच्या, कंडक्टर डोळे वटारायचा, पण सीट सुटली नाही. बोलणं मात्र काय, तर आज पेपर कोणता आणि काल वीज किती वेळ गेली. शेवटच्या पेपरच्या दिवशी तिनंच धीर करून विचारलं होतं, "आता भेट कधी?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "पाहू." त्या दोन अक्षरांवर तिनं अख्खा मे महिना काढला. तो आला नाही. वडिलांनी बैतूलचं स्थळ आणलं, तेव्हा ती रागानं हो म्हणाली.

हॉलमध्ये रश्मीनं फर्मान काढलं होतं. प्रत्येकानं उठायचं आणि आपला तीस वर्षांचा हालहवाल दोन मिनिटांत सांगायचा. हातात पूजेची घंटी. वेळ झाली की वाजवायची. कोणी भोपाळला मोठा साहेब झाला होता, कोणी साहेबाची बायको. मनोहरनं दोन मिनिटं फक्त आपल्या बायपासची कथा सांगितली आणि घंटी वाजली तेव्हा तो टाक्यांपर्यंतच पोचला होता. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

विजयमाला उठली. शिक्षिका झाले, बैतूलला संसार केला, बदली मागून पांढुर्ण्याला आले, एक मुलगी आहे, असं भराभर सांगितलं. मग मागच्या रांगेकडे न बघता म्हणाली, "आता पुण्याले जायचं म्हणते. कायमची." मागच्या रांगेत खुर्ची करकरली.

शेवटी गुणवंता. तो उठला, दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "रामाकोन्याले संत्र्याची बाग आहे. मायबाप गेले. लग्न नाही केलं."

"काऊन रे?" मनोहर ओरडला.

"ताण जास्त झाला."

हॉल हसण्यानं दणाणला. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी नाहीतर मामाच्या शेतात संत्र्याची झाडं होती, त्यामुळे ताण म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती. तुम्हाला सांगते. बहार धरायचा असला की संत्र्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड बिचारं तहानेनं व्याकूळ होतं, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फुलतं. पण किती दिवस तोडायचं यात सगळी मेख. जास्त झालं तर फूल राहिलं बाजूला, झाडच वाळतं. सगळ्यांना वाटलं, गड्यानं झकास विनोद केला. फक्त विजयमाला हसली नाही.

जेवणात वांग्याची भाजी आणि रोडगे होते. तिनं ताट तसंच ठेवलं. ती मागच्या ओसरीत जाऊन उभी राहिली. पलीकडे कोणाचीतरी बाग फुलली होती आणि वारा आला की गोड, किंचित कडसर वास अंगावर येत होता. गुणवंता आला. हातात संत्रं. सोलून, एकेका फोडीचे धागे काढून त्यानं ती तिच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली.

"कोणाले दिला होता ताण?" तिनं विचारलं.

त्यानं आणखी एका फोडीचे धागे काढले. "तुले," शेवटी म्हणाला. "बाबा सांगत, ताणाशिवाय बहार नाही. मले वाटलं... महिनाभर नाही दिसलो तर तुले कळन, तुह्या मनात काय आहे ते. मृग लागला तसा आलो तुह्या घरी. नवा शर्ट घालून. तर दारात मांडव..."

विजयमालेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग संताप.

"मी झाड होती का, गुणवंता? झाडाले तोंड नसते. मले होतं. विचारलं असतंस तर त्याच दिवशी बसमध्ये सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"आता काऊन सांगू? तेव्हा विचारायचं होतं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि आता? मी पुण्याले चालली, ऐकलं ना?"

तो खाली बघत म्हणाला, "पोरीपाशी बरं राहील तुमचं."

तुमचं! म्हणजे पुन्हा तेच. मेला सुधारायचा नाही. फोडी हातात तशाच घेऊन ती निघाली, रश्मीनं हाका मारल्या त्याही ऐकल्या नाहीत.

पांढुर्ण्याची बस भरत आली होती. खिडकीपाशी जागा मिळाली, आणि का कोण जाणे, तिनं अंगावरची शाल काढून शेजारच्या सीटवर ठेवली. एका बाईनं विचारलं, "बसते का जी कोणी इथं?" विजयमाला, वर्गातल्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी विजयमाला, म्हणाली, "हो जी. येऊन राहिले." बाई कुरकुरत मागे गेली. ड्रायव्हर चढला. बस सुरू झाली, फाटकाशी पोचली. विजयमालेनं शाल उचलायला हात घातला, ती रडकुंडीला आली होती.

बस गचकन थांबली. कोणीतरी दारावर थापा मारत होतं. गुणवंता चढला, घामानं भिजलेला, दम लागलेला. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. तो म्हणाला, पांढुर्णा. रामाकोना बरोबर उलट्या दिशेला.

त्यानं शालीकडे पाहिलं. "धरली आहे का सीट?"

"बसा," ती शाल उचलत म्हणाली. "मोटरसायकल?"

"राहू दे तिथंच उभी." तो बसला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग खिडकीबाहेर नाही, तिच्याकडे बघत म्हणाला, "विजू, नको जाऊ पुण्याले. मले पाहिजे तू. तेव्हाही पाहिजे होती... बोललो नाही, माह्या हातून झालं ते. पण आता नको जाऊ."

किती वर्षं ती हे ऐकायला आसुसली होती. हो म्हणायला ओठ उघडलेही होते. पण बाईमाणूस आहे, मे महिना विसरलेली नव्हती. तिनं बाहेर फुललेल्या बागांकडे तोंड फिरवलं आणि शांतपणे म्हणाली,

"पाहू."

गुणवंताचा चेहरा असा उतरला की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यालाही कीव आली असती. तो दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला. बस एक गाव मागं टाकून पुढे गेली, खिडकीतून तो कडसर गोड वास आत येत राहिला. विजयमाला हसू दाबत होती, आणि हसता हसता रडतही होती. मग तिनं मूठ उघडली. संत्र्याच्या फोडी गरम होऊन गेल्या होत्या. त्यातली एक तिनं त्याच्या तळहातावर ठेवली आणि हात काढून घेतला नाही.

"धनश्रीले सांगते आज, नाही येत म्हणून," ती म्हणाली. "घाबरू नको. जास्त ताण नाही देत मी."