एकसष्टाव्या पानावरचं उत्तर

मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. छापखान्यातल्या मुद्रितशोधिकेच्या खोलीत एक तरुण आला आणि म्हणाला, "एकसष्टाव्या पानावरचं उत्तर चुकलंय."

गणिताचं ते पुस्तक शुक्रवारी पाचला छपाईला जायचं होतं. तिने मान वर केली नाही. "आधी वर्गमूळ, मग त्याचा वर्ग. संख्या जशीच्या तशी परत येते. म्हणून प्रांत, म्हणजे आत सोडता येतील त्या संख्या : सर्व वास्तव संख्या. चुकलं कुठे?"

"उणे तीन आत सोडून बघा."

पेन्सिल थांबली. उणे तिनाला वास्तव वर्गमूळच नव्हतं.

"अडले ना पहिल्याच दारात?" तो हसला. "आतलं फलन, म्हणजे वर्गमूळ, ज्याला घेत नाही, तो बाहेरच्यापर्यंत पोचणार कसा? तुम्हालाच अनुस्वारताई म्हणतात ना?"

"सगळे म्हणतात. तुम्ही... ताई नाही म्हटलंत तरी चालेल."

बुधवारी तो आला, गुरुवारीही. नेमका चार-दहाला. शर्टाला ओल्या शाईचा वास. तो तासभर बसून उठला, तरी खुर्ची गारच असायची.

"बाहेरचं कुणी आलं नाही, ताई," पहारेकऱ्याने वही दाखवली. "जिना एकच, तोही माझ्या नाकासमोर. मी काय झोपा काढतो?"

गुरुवारी तिने विचारलंच, "खाली चहाला येता?"

"मला या खोलीपर्यंतच येता येतं. तेही चुकीचं पान तुमच्या टेबलावर आहे तोवर..."

"मग राहू दे चूक."

"मुलांनी चुकीचं शिकावं? तुम्हाला जमेल?"

तिला जमणार नव्हतं.

शुक्रवारी तो समोर बसला. पाचला पाच कमी असताना तिने दुरुस्ती केली : प्रांत, शून्य आणि सर्व धन वास्तव संख्या. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

बारा दिवसांनी छापील पानं आली. एकसष्टावर उत्तर बरोबर होतं. खाली मात्र नववं उदाहरण होतं, जे कुठल्याच प्रुफात नव्हतं. "आईशप्पथ, मी नाही जुळवलं," जुळारी म्हणाला.

'पहिलं फलन त्याला या खोलीत आणतं. दुसरं या खोलीतून तिच्या घरी नेतं. तिने दार उघडलं, तर दोन्ही मिळून होणाऱ्या संयुक्त फलनाचा प्रांत रिकामा राहील का?'

पुस्तकाच्या शेवटची उत्तरसूची अजून छापायची आहे. आज नवव्या आकड्यासमोर तिने लिहिलं, 'नाही.' मग उठून खोलीचं दार सताड उघडलं.

चार वाजून नऊ मिनिटांनी समोरची खुर्ची अजून रिकामी होती. खोलीत ओल्या शाईचा वास होता.