खिट्टी लावलेला रहाट

ही गोष्ट खरी आहे. आमच्या लिफ्टवाल्या काकांच्या बाबतीत घडलेली. काका लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे वर जाणं आणि खाली येणं या दोन विषयांवर ते थापा मारत नाहीत.

वेळ दिवस कलतानाची. जागा... उंच कड्याच्या टोकावरचा मठ.

काकांचा थोरला भाऊ, दादा, तिथे आठवडाभर शांती मिळवायला गेला होता. त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. घरी अंथरुणाला खिळलेली आई रोज विचारायची, "दादा आला का रे?" तिचं पथ्यपाणी करणारे काका समोरच बसलेले असायचे. त्यांची चौकशी करायची गरज कोणाला वाटत नव्हती.

शेवटी काकाच दादाला आणायला निघाले.

मठाला रस्ता नाही. वर लाकडी रहाट आहे. दोघांनी मिळून तो फिरवला की दोराला बांधलेली वेताची मोठी टोपली माणसासकट वर येते. वर सगळ्यांना मौन. तिथली शांतता अनुभवून भलेभले भारावून जातात म्हणे. काकांच्या ती डोक्यात गेली.

"दादा, आई वाट बघतेय."

दादा हसला.

"हसू नकोस. तिला तोंड दाखव, मग ये परत आणि बस हवं तेवढं गप्प."

दादानं हात जोडले.

"अरे, निदान नाही तरी म्हण."

दुपारभर हेच. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान हसत नाही.

अखेर दादानं टोपलीकडे बोट दाखवलं. काकांना वाटलं, आला एकदाचा वळणावर. ते लगबगीनं उठले. पण धंद्याची सवय. माणूस आत बसण्याआधी चाक अडकवायचं. त्यांनी रहाटाच्या दात्यात लोखंडी खिट्टी ठोकली आणि टोपलीत बसले.

"ये. तू बसलास की कोणाला तरी खिट्टी काढायला सांगू."

दादा हलला नाही. रहाटापाशी तो एकटाच. हात अजून जोडलेले.

आणि टोपली...

खाली निघाली.

चाक फिरत नव्हतं. खिट्टी जागच्या जागी. काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग धुक्यात सगळंच दिसेनासं झालं.

रहाटाची करकर नाही. वारा नाही.

"दादा, ही काय थट्टा आहे?"

टोपली... कलली.

काकांच्या बाजूला नव्हे. समोरच्या, रिकाम्या बाजूला. कोणीतरी नीट मांडी घालून बसल्यासारखी.

खाली जमिनीला टेकताच ती बाजू हलकी होऊन वर उचलली गेली. काकांनी मान वर केली. धुकं जरा विरलं होतं. कड्याच्या टोकाला दादा उभा होता.

काका तसेच चरफडत घरी पोचले. आईनं या वेळी विचारलंच नाही.

"आई, दादा काही..."

"हळू बोल. आत्ता कुठे टेकलाय." आई कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "दमलाय तो. त्याला पाणी विचारलंस का? की तेही मीच सांगायचं?"

काकांनी पाणी आणलं.

तेव्हापासून आई खूश आहे. काका रोज रात्री त्या खुर्चीपाशी पेला भरून ठेवतात आणि सकाळी उचलतात.

परवा न राहवून मी विचारलं, "काका, सकाळी पेला भरलेलाच असतो ना?"

काका हसले.

"अहो, निदान हो तरी म्हणा."

काकांनी हात जोडले.